पागोट्याला मुजरा

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. मला ज्यांनी सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं आणि गोष्टीचं त्यावाचून काही अडत नाही.

एका डोंगरी मुलखात एक सरदार होता. उंचावर त्याची गढी आणि खाली नदीकाठाने त्याची बारा गावं. या सरदाराचं आणि त्याच्या कुणब्यांचं नातं एका चालीवर उभं होतं. अक्षय्यतृतीयेला सरदार स्वतः जांभळी नावाच्या गावात यायचा, शेतात उतरायचा, जोडीतला एक बैल सोडायचा आणि जुवाची ती बाजू आपल्या खांद्यावर घ्यायचा. उरलेल्या बैलाच्या बरोबरीने, या बांधापासून त्या बांधापर्यंत, तो नांगर ओढायचा. मग नांगर धरणाऱ्याच्या फडक्यातली अर्धी भाकरी खाऊन म्हणायचा, "गरज पडली तर मी तुमच्या जुवाला, आणि गरज पडली तर तुम्ही माझ्या दाराला." हे झाल्याशिवाय बारा गावांत कुणी जमिनीला फाळ लावत नसे.

पहिला सरदार असा होता. त्याचा मुलगा जुवाला खांदा लावायचा, पण दहा पावलांवर थांबून घाम पुसायचा. नातू पालखीतून आला. त्याने जुवाला नुसता हात लावला, भाकरीचा वास घेतला आणि "वा!" म्हणाला. पणतूला तर ऊनच सोसेना. त्याने एका वर्षी आपलं पागोटं पाठवून दिलं. "माझ्या ठिकाणी हे समजा," असा निरोप सोबत आला.

चांदीच्या तबकातून जरीचं लाल पागोटं आलं. ते जुवावर ठेवलं, बैल दोन पावलं चालले, लोकांनी मुजरा केला. झालं! पागोट्याने भाकरी काही खाल्ली नाही. ती तबक घेऊन आलेल्या कारभाऱ्याने खाल्ली आणि वर चटणी मागितली.

लोकांना त्या वर्षी चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या वर्षी जरा कमी वाटलं. पुढे तर पागोट्याचेच नियम झाले. पागोटं शिवेवर दिसलं की मान खाली घालायची आणि ते शिवेबाहेर जाईपर्यंत वर करायची नाही. मध्येच मान वर केली तर डोळे जातात, असं म्हातारी माणसं सांगायची. कुणाचे गेले होते ते मात्र कुणाला सांगता यायचं नाही.

पणतू वारला, त्याचा मुलगा गादीवर बसला. पागोटं तेच राहिलं. गढीत सरदार बदलला हे जांभळीला कळलंसुद्धा महिनाभराने.

या जांभळीत गोंदाजी नावाचा कुणबी होता. अक्षय्यतृतीयेचा मानाचा नांगर त्याच्या घराण्याकडे होता. वय पन्नाशीचं, अंगाने रेड्यासारखा आणि मनाने वासरासारखा. विचार करायची वेळ आली की तो उजव्या कानामागे खाजवायचा, आणि खाजवून झालं की बायकोला विचारायचा. बायकोचं नाव ठकू. ती म्हणायची, "असं खाजवून शहाणपण येत असतं, तर आपला बैल पंडित झाला असता."

पण एका गोष्टीचा विचार गोंदाजीला कधी करावा लागला नव्हता. त्याच्या बापाने मरताना त्याचा हात धरून सांगितलं होतं, "गोंदा, आपल्या घरान्याला दुसरं काय बी न्हाई. इमान हाय. पागोटं दिसलं की मान खाली." गोंदाजीने हे वाक्य काळजात जपून ठेवलं होतं. साऱ्या बारा गावांत त्याच्याइतकी मान कुणाची वाकत नसे. लोक त्याचं उदाहरण द्यायचे आणि त्याला ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

त्या वर्षी अक्षय्यतृतीयेला चार दिवस उरले होते. सकाळी उन्हं अंगावर यायच्या सुमाराला गोंदाजी शेतात शेणखत पसरत होता. ओढ्याच्या बाजूने एक माणूस लंगडत आला. अंगावर धनगराची घोंगडी, डोकं उघडं, पाय अनवाणी आणि रक्ताने माखलेले. वय असेल तिशीच्या आतबाहेर.

"ए, पाणी आण," तो म्हणाला.

गोंदाजी चमकला. भिकारी पाणी मागतो, 'आण' म्हणत नाही. तरी त्याने तांब्या पुढे केला. माणूस घटाघटा प्यायला आणि बांधावर बसून म्हणाला, "मी तुमचा सरदार."

गोंदाजीला हसूच आलं. तो म्हणाला, "आवं, सरदारास्नी पागोटं असतंय."

"ते कारभाऱ्याने हिसकावून घेतलं. काल तिन्हीसांजेला त्याने गढीचे पहारे फितवले. मी मागच्या भिंतीवरून उडी टाकली, रात्रभर चालतोय. डोंगरापलीकडे माझे मामा आहेत. तिथवर मला वाट दाखव. मी पोचलो तर सगळं सावरेल. सापडलो तर ते मला जिवंत ठेवणार नाहीत."

गोंदाजीचा हात कानामागे गेला. या माणसाचे तळवे मऊ होते, पोरीच्या हातांसारखे. नांगर, विळा, दोरखंड, कशाचाही घट्टा नाही. हे खरं. पण चोराच्या हातांनाही घट्टे नसतातच की!

"बरं," तो म्हणाला, "सरदार हाय म्हंता, तर ह्या गावाचं नाव काय, सांगा बघू."

माणसाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लाज पसरली.

"ठाऊक नाही," तो म्हणाला.

"दरसाली तुमचं पागोटं येतंय न्हवं हितं?"

"पागोटं येतं. मी कधी आलो नाही."

आता काय म्हणायचं? खोटं बोलणाऱ्याने काहीतरी नाव ठोकून दिलं असतं. पण खऱ्या सरदाराला आपल्या गावाचं नाव ठाऊक नसावं? गोंदाजीला काही उमगेना. त्याने जे नेहमी करायचा तेच केलं. त्या माणसाला घरी नेलं, पडवीत बसवलं आणि बायकोला विचारलं.

ठकूने आधी पाहुण्याचे पाय पाहिले. तिने गरम पाणी आणलं, हळद आणली, जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या. मग ताटलीत भाकरी, कांदा आणि मीठ ठेवून म्हणाली, "खावा, पावनं."

"अगं, पन हा कोन हाय?" गोंदाजी कुजबुजला.

"भुकेला हाय. त्ये दिसतंय न्हवं डोळ्यानं? बाकीचं मागनं बघू."

माणूस जेवला. जेवताना मध्येच थांबला आणि हातातल्या भाकरीकडे पाहत राहिला. ठकूला वाटलं, कडक झाली असेल. पण तो म्हणाला, "माझ्या खापरपणजोबांनी इथली अर्धी भाकरी खाल्ली होती, असं आमच्याकडे सांगतात. मला ती गोष्ट लहानपणी फार आवडायची."

गोंदाजीने ठकूकडे पाहिलं. ही गोष्ट याला कशी ठाऊक? पण लगेच दुसरं मन म्हणालं, ही तर बारा गावांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याने पुन्हा कान खाजवला.

तेवढ्यात गावात शिंग वाजलं. ते शिंग वर्षातून एकदाच वाजायचं, पागोटं आलं म्हणजे. आणि आज तर अक्षय्यतृतीया नव्हती.

ठकूने पाहुण्याला गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीआड बसवलं आणि गोंदाजी पारावर धावला. साठ उंबऱ्यांचं गाव, बाप्येमाणसं झाडून जमली होती. जो तो कामावरून तसाच आलेला, कुणाच्या हातात कुऱ्हाड, कुणाच्या हातात बैल हाकायची पराणी. शिवेकडून दहा घोडेस्वार आले. पुढे कारभारी, त्याच्या हातात चांदीचं तबक, तबकात लाल पागोटं. साठ माना एकदम खाली गेल्या. गोंदाजीची सगळ्यांत खाली.

"ऐका रे!" कारभाऱ्याचा आवाज वरून आला. "सरदार गढीत आजारी आहेत. त्यांनी पागोटं पाठवलंय आणि पागोट्याचा हुकूम असा की, गढीतून एक चोर पळालाय. तो याच गावाकडे आला, हे रक्ताच्या ठशांवरून दिसतंय. दिसायला गोरागोमटा आहे, बोलणं गोड आहे आणि तो स्वतःला सरदार म्हणवतो. फसू नका. ऊन कलायच्या आत त्याला इथे हजर करा. नाही केलंत तर एकूण एक गोठा पेटवीन, बैलांसकट."

गोंदाजी जमिनीकडे पाहत उभा होता. त्याच्या पायाशी मुंग्यांची रांग चालली होती. त्या मुंग्यांचा त्याला हेवा वाटला. कुठे जायचं ते त्यांना ठाऊक होतं.

तुम्हाआम्हाला गोष्ट ऐकताना सगळं सोपं दिसतं. आपण म्हणतो, अरे वेड्या, तो माणूसच खरा! पण गोंदाजीच्या जागी उभं राहून पाहा. चोर असता तर म्हणाला असता, मी सरदार. सरदार असता तरी म्हणाला असता, मी सरदार. माणूस खरा असेल, तर पागोटं खोटं. पागोटं खरं असेल, तर माणूस खोटा. पागोट्याला तो जन्मभर ओळखत होता आणि माणसाला सकाळपासून. एकाशी इमान राखायचं म्हणजे दुसऱ्याशी बेइमानी, आणि धनी कुठला ते कळायला मार्ग नाही.

कारभारी पिंपळाच्या सावलीत बसला. पागोट्यासमोर नसताना माना वर करायची मुभा देऊन त्याने लोकांना शोधासाठी सोडलं, पण गावाबाहेर पडायला मनाई केली. गोंदाजी आधी पाटलाकडे गेला. आपल्या घरात कोण आहे ते न सांगता त्याने विचारलं, "पाटील, समजा त्यो मानूसच खरा सरदार असला तर?"

पाटील म्हणाला, "गोंदा, येड लागलंय का तुला? आपन सरदाराला कशावरनं वळखतो? पागोट्यावरनं. पागोटं तर हितं बसलंय. मग सरदार तिकडं कसा असंल?"

हे बोलणं बिनतोड होतं. गोंदाजी दोन पावलं निश्चिंत चालला. मग पुन्हा अडखळला, कारण त्याच्या डोळ्यांसमोर भाकरीकडे पाहत बसलेला तो माणूस आला.

गावात तान्हूआजी नावाची सर्वांत म्हातारी बाई होती. सरदार स्वतः गावात यायचे त्या काळची ती एकटीच उरली होती. गोंदाजीने तिला गाठलं. त्याला वाटलं, आता फैसला होणार. तोंडावळा तर घराण्यात उतरतोच!

"आजी, तू सरदारास्नी बघितलंयस न्हवं? ह्यांच्या आज्यास्नी?"

"बघितलंय तर! पालखीतनं आलं हुतं. मी आठ सालांची आसंन."

"कसं हुतं दिसायला?"

आजीने डोळे मिटले आणि आठवून आठवून सांगितलं, "लाल जोडं. त्येच्यावर हिरवं फूल काढल्यालं. लई देखनं."

"आगं, जोडं न्हवं. तोंड कसं हुतं?"

"तोंड?" आजीला प्रश्नच कळेना. "तोंड कुनी बघितलं, बाबा? पालखी आली की माना खाली हुत्या समद्यांच्या. आमी जोडं बघितलं."

गोंदाजी घराकडे वळला. घरी जो बसला होता त्याच्या पायात तर जोडेही नव्हते.

घरी आला तर ठकू गोठ्याच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सरदार बिरदार मला कळत न्हाई. आपल्या हातचं खाल्लंय त्येनं. मागच्या ओढ्याच्या वगळीनं डोंगरात न्हेऊन सोडा. कुनाला दिसायचं न्हाई."

"आन पागोट्याशी बेइमानी करू? माझ्या बापानं मरताना काय सांगितलं हुतं?"

"तुमच्या बाचं पाय बी असंच रगताळलं असतं, तर त्येनं आदी कोन हाय त्ये इचारलं असतं का?"

ऊन कलायला आलं होतं. पारावरून कुणीतरी पलिते बांधत असल्याचं ओरडून सांगत होतं. गोठ्यात त्याची बैलजोडी रवंथ करत बसली होती. आजूबाजूच्या साठ घरांत अशाच जोड्या होत्या. या जनावरांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

शेवटी तो गंजीआड गेला आणि त्या माणसासमोर उकिडवा बसला.

"माझं डोस्कं चालंना झालंय," तो म्हणाला. "पागोटं म्हंतंय, मी सरदार. तुमी म्हंता, मी सरदार. ऊन कलायच्या आत तुमाला दिलं न्हाई तर त्ये गोठं पेटवनार हायती, बैलांसकट. आता तुमीच सांगा. तुमी खरंच सरदार असाल, तर मला हुकूम करा. काय करू?"

माणसाने गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "कसला हुकूम करू? मला लपव म्हटलं, तर तुमची जनावरं होरपळतील. सकाळी मी तुझ्या घरचा घास खाल्ला. इतकी वर्षं तुमच्यासाठी मी काहीच केलं नाही. गावाचं नावसुद्धा मला माहीत नाही." तो घोंगडी सावरून उठला. "चल. मी स्वतःच येतो. माझ्यापायी कुणाचा गोठा जळायला नको."

गोंदाजी त्याच्याकडे पाहत राहिला आणि सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. निदान त्याला तरी तसं वाटलं.

सरदार कधी असं बोलतो का? सरदार हुकूम सोडतो. सरदार म्हणतो, जळू द्या गोठे, मला वाचवा. हा तर आपल्यासारखंच बोलतोय, शेजारच्या कुणब्याने बोलावं तसं. म्हणजे हा सरदार नव्हेच!

अरे गोंदाजी, गोंदाजी! इतक्या पिढ्यांनी एकदा खरा सरदार तुझ्यासमोर बोलला, आणि नेमकं त्याच बोलण्यावरून तू त्याला खोटा ठरवलंस. माझ्या तर इथे पोचल्यावर दरवेळी पोटात तुटतं. पण त्याला दोष तरी किती द्यायचा? सरदार कसा असतो, हे त्याला पागोट्यानेच शिकवलं होतं.

त्याने माणसाचा दंड धरला. ठकू आडवी आली. "अवं, ऐका माझं," ती म्हणाली. पण गोंदाजीने पहिल्यांदाच तिचं ऐकलं नाही. इतका वेळ गोंधळलेल्या माणसाला एकदा काही पटलं, की त्याच्याइतकं हट्टी कुणी नसतं.

पाराकडे जाताना त्या माणसाने विचारलं, "तुझं नाव काय?"

"गोंदाजी."

"आणि गावाचं?"

"जांभळी."

"जांभळी," माणूस म्हणाला. पुढच्या वळणावर तो पुन्हा स्वतःशीच म्हणाला, "जांभळी." परवचा पाठ करावा तसं.

पारावर साठ माना खाली होत्या. गोंदाजीने माणसाला पुढे केलं आणि स्वतःही मान खाली घातली. घोड्यावर बसलेला कारभारी हसला. "हा खरा इमानी कुणबी!" तो मोठ्याने म्हणाला. "पागोट्याकडून याला शेला आणि नारळ. ये रे पुढे, घे."

शेला आणि नारळ मान खाली घालून घेता येत नाही. घोड्यावरचा माणूस वरून देणार, तर खालच्याला वर पाहावंच लागतं. गोंदाजीने आयुष्यात पहिल्यांदा पागोट्यासमोर मान वर केली. त्याचे डोळे गेले नाहीत. उलट त्याला दिसायला लागलं.

आधी दिसलं कारभाऱ्याचं तोंड. ते घामाने डबडबलं होतं. एवढा दांडगा हुकूम सोडणारा माणूस मनातून घाबरलेला होता. मग दिसलं की स्वार दहाच आहेत. आणि मग दिसला त्या दहांतला एक म्हातारा स्वार. तो अनवाणी माणूस त्याच्या घोड्यापुढून जात होता. त्या म्हाताऱ्याचा उजवा हात आपोआप उचलला गेला, बोटं जुळली, कंबर किंचित वाकली. जन्मभराची सवय! अर्ध्यावर त्याला भान आलं आणि त्याने मिशीवरची धूळ झटकल्याचं सोंग केलं. पण गोंदाजीने पाहिलं होतं. गढीतला जुना शिपाई चोराला मुजरा करत नसतो.

गोंदाजीच्या हातातला नारळ गळून पडला.

"सरदार!" तो ओरडला. "आरं, त्येच सरदार हायती! माना वर करा! बघा, आरं बघा!"

कुणीही मान वर केली नाही. पागोटं अजून शिवेच्या आत होतं ना! साठ गडी उभे होते, हातात कुऱ्हाडी आणि पराण्या घेऊन, आणि सगळे आपापल्या पायांकडे पाहत होते. "गोंदा, गप," पाटील खालूनच पुटपुटला. "डोळं जातील."

कारभाऱ्याने घोड्याला टाच मारली. स्वार त्या माणसाला मध्ये घालून निघाले. गोंदाजी मागे धावला, एका घोड्याच्या लगामाला लोंबकळला. स्वाराने भाल्याचा दांडा त्याच्या छातीत मारला आणि तो धुळीत पडला. उठून पुन्हा धावणार, तेवढ्यात स्वारांमधला तो अनवाणी माणूस वळला. त्याने गोंदाजीकडे पाहिलं आणि मान हलवून 'नको' असं खुणावलं. मग धुरळा उठला आणि काही दिसेनासं झालं.

पागोटं शिवेबाहेर गेलं तेव्हा साठ माना वर आल्या. लोक भोवती जमले. "कशापायी वरडत हुतास रं?" त्यांनी विचारलं. "गोठं वाचलं की तुझ्यामुळं!"

"आपन साठ हुतो," गोंदाजी म्हणाला. "त्ये धाच हुते." तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला. लोकांना वाटलं, मानपान मिळाल्यावर काहींना असं होतं.

त्या माणसाचं पुढे काय झालं ते कुणाला कधीच कळलं नाही. गढीतून एवढंच जाहीर झालं की सरदारांनी एकांत धरलाय, आता कारभार पागोटं पाहील. चार दिवसांनी अक्षय्यतृतीयेला पागोटं वाजतगाजत आलं. गोंदाजी तापाने फणफणला होता, म्हणून नांगर पाटलाने धरला. भाकरी नेहमीप्रमाणे कारभाऱ्यानेच खाल्ली.

आणि मग एकेक सुरू झालं. पागोट्याचा हुकूम आला, जांभळीचं ओढ्याचं पाणी गढीखालच्या बागेकडे वळवा. वळवलं. पागोट्याचा हुकूम आला, जोडीतला एक बैल गढीवर पोचता करा. केला. ज्या बैलांसाठी एक माणूस दिला होता, ते बैलही गेले. शेवटी पिकं माना टाकायला लागली, तेव्हा सारं गाव गढीच्या दाराशी गेलं. तीन दिवस उन्हात उभं राहिल्यावर दार उघडलं. तबकातून पागोटं बाहेर आलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि आपलं गाऱ्हाणं सांगितलं. पागोट्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ते पुन्हा आत गेलं.

त्या गर्दीत एकच मान वर होती.

"ए नांगऱ्या," कारभारी ओरडला, "मान खाली घाल."

"न्हाई घालनार," गोंदाजी म्हणाला. "येकदा घातली हुती. तवा आमचं सरदार समोर हुतं आन मी त्येंच्या पायाकडं बघत हुतो."

त्याच दिवशी मानाचा नांगर त्याच्याकडून काढून घेतला गेला. पाणी गेलेलं त्याचं शेत दुसऱ्याला दिलं. ठकू एका शब्दानेही त्याला बोलली नाही, तिने फक्त चूल उचलून गावाबाहेर माळावर मांडली. तिथे वाटसरू येत. गोंदाजी त्यांना पाणी द्यायचा, पण आधी हनुवटी वर करून त्यांच्या तोंडाकडे नीट पाहायचा आणि नाव विचारायचा. आपल्या गावाचं नाव तो कुणी न विचारताच सांगायचा.

जांभळीचे लोक मात्र त्याला नावं ठेवत. "ज्या धन्याचं खाल्लं त्येच्याच पागोट्यापुढं मान ताठ करतोय," ते म्हणत. "नमकहराम!"

गोंदाजी त्यावर भांडत नसे. "मी नमकहराम हायच," तो म्हणायचा. "पन मान वर केली त्या दिसापासनं न्हाई. ती खाली घालून मानूस देऊन टाकला, त्या दिसापासनं."

तात्पर्य : ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही त्याच्यापुढे वाकलेली मान इमानी नसते, ती नुसतीच वाकलेली असते.